दुर्गवाल्यांचे दर्यावर्दीपण

दुर्गहून सर्वात जवळचा समुद्र पूर्वेला आहे. जगन्नाथपुरीची गाडी दुर्गहूनच सुटते आणि एका रात्रीत खाऱ्या वाऱ्यापर्यंत नेऊन सोडते. सप्टेंबर २०२४ पासून विशाखापट्टणमची वंदे भारतही आहे. पहाटे बसावे आणि दुपारच्या जेवणाला बंगालच्या उपसागरावर हजर व्हावे. असे असूनही दुर्ग-भिलाईचे मराठी कुटुंब ‘समुद्र बघायला’ म्हणून निघते तेव्हा पश्चिमेकडे तोंड करते आणि सुमारे अकराशे किलोमीटर तुडवून अरबी समुद्र गाठते. याचे कारण विचारले तर घरातली ज्येष्ठ मंडळी सांगतात, "तो आपला आहे ना." पूर्वेचा समुद्र कोणाचा, हे ती सांगत नाहीत.

हे आपलेपण तपासून पाहिले तर फारसे हाती लागत नाही. छत्तीसगडात मराठी माणूस आला तो नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर. १७४१ मध्ये भास्करपंत चालून आले. १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरात बसून कारभार केला. पुढे रेल्वे आणि कचेऱ्या आल्या, त्यांच्यामागून कारकून, मास्तर आणि वकील आले. मग सोव्हिएत मदतीने भिलाईचा कारखाना उभा राहिला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन झाले, आणि विदर्भातून फिटर, फोरमन आणि इंजिनियर येऊन सेक्टरांच्या क्वार्टरांत राहू लागले. घोडा, बैलगाडी, आगगाडी, प्लांटची सायकल अशा सर्व वाहनांनी लोक इथे आले. बोटीने आलेला एकही माणूस कोणाच्या वंशावळीत सापडत नाही.

नाविक शिक्षणाची सोय मात्र गावात आहे. भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून भिलाईत वसवलेल्या मैत्रीबागेत पांढऱ्या वाघांखेरीज एक तळेही आहे, आणि त्या तळ्यात पायाने चालवायची बोट मिळते. दोघे पायडल मारतात, दोघे मागे बसून "उजवीकडे, उजवीकडे!" असे ओरडतात आणि बोट डावीकडच्या काठाला टेकते. एवढ्या शिदोरीवर दुर्गवाला महासागरात उतरतो. शिवनाथ नदी गावाजवळून वाहते हे खरे; परंतु महमरा घाटावर उभे राहून "यंदा पाणी कमी आहे" असे म्हणणे, यापलीकडे तिच्याशी कोणाचा व्यवहार नसतो.

समुद्र पाहायचा म्हणजे त्यातले एखादे बेटही पाहायचे असते. ते कोणते, हे ठरवायला दिवाळी ते नाताळ एवढा काळ लागतो. कुटुंबाचा व्हॉट्सॲपवर एक समूह असतो, त्यावर घारापुरी, सिंधुदुर्ग, कुलाबा अशी नावे येतात, आणि प्रत्येक नावाला कोणाची तरी हरकत निघते. अखेर मुरूडचा जंजिरा ठरतो, कारण प्लांटमधून निवृत्त झालेले काका लिहितात, "जो कोणालाच जिंकता आला नाही, तोच बघण्यात अर्थ आहे." या वाक्यावर सात जण अंगठा दाखवतात. आत्या फुलाचे चित्र आणि ‘शुभ प्रभात’ पाठवते. तिचाही होकार धरला जातो.

मग सामान. कोकणात खायला मिळते, ही गोष्ट दुर्गच्या स्वयंपाकघरात आजवर कोणी मान्य केलेली नाही. तिथे सगळे मासेच खातात, चहातसुद्धा मासे असतील, अशा धास्तीने ठेठरी, खुर्मी, पोह्यांचा चिवडा, दशम्या, तिळाची चटणी आणि लिंबाचे लोणचे भरले जाते. समुद्रकाठी पाणी खारे असणार, हेही उघड आहे. म्हणून वीस लिटरचा कॅन. बोट लागू नये म्हणून ओवा, सुंठ, आवळा सुपारी, चार लिंबे आणि औषधाच्या दुकानातल्या गोळ्या. हे सारे मिळून सात नग होतात. नग मोजणे हे काकांचे खाते. ते दारात मोजतात, रिक्षात मोजतात, दुर्ग स्टेशनच्या फलाटावर मोजतात, आणि प्रत्येक वेळी सहा भरतात, कारण सातवा नग त्यांच्याच खांद्याला असतो.

गाडी शक्यतो गीतांजली. ती २६ डिसेंबर १९७७ रोजी सुरू केली मधु दंडवत्यांनी, म्हणजे कोकणातल्या राजापूरहून निवडून गेलेल्या रेल्वेमंत्र्यांनी. एकच वर्ग असलेली गाडी म्हणून तिचे त्या काळी फार कौतुक झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर दोन इंच फोम घालण्याचे श्रेयही त्यांचेच. हे काका डब्यातल्या सर्वांना सांगतात. नंतर ते खालच्या रुळांकडे वळतात. भारतीय रेल्वेचे बहुतेक रूळ भिलाईत तयार होतात, दोनशे साठ मीटर लांबीचे अखंड रूळही तिथे निघतात, ही माहिती खरी आहे. परंतु ती राजनांदगाव, गोंदिया, नागपूर आणि भुसावळ अशी चार वेळा सांगितली की तिचा खरेपणा कमी होत जातो.

"आवाज ऐका," काका म्हणतात. "आपलाच रूळ आहे."

"आणि हा खडखडाट?" जावई विचारतो.

"तो डब्याचा. डबे आपण नाही बनवत."

वाटेत नदी आली की नाणे टाकायचे असते. शिवनाथेला रुपया, वैनगंगेला दोन रुपये, वर्धेला उरलेली चिल्लर. वर्धेच्या पुलावर आत्याने टाकलेले नाणे खिडकीच्या गजाला आपटून वरच्या बर्थवरच्या प्रवाशाच्या पोटावर पडते. तो डोळे न उघडता ते खिशात घालतो. नदीला पोहोचले असेच सर्वांनी समजायचे असते.

मुंबईहून पुढे जायला रस्ता आहे. शंभरेक किलोमीटर गाडी हाकली की अलिबाग येते, आणि त्याच रस्त्याने मुरूडलाही जाता येते. परंतु समुद्र पाहायला निघालेल्या माणसाने पेणच्या गर्दीत ट्रकचे मागचे दिवे पाहत बसणे शोभत नाही. म्हणून मोठी गाडी भाड्याने घ्यायची, भाऊच्या धक्क्यावर यायचे आणि गाडीसकट मांडव्याच्या रो-रो बोटीत चढायचे. हा धक्का भाऊ अजिंक्य यांच्या नावाचा, १९ व्या शतकातला. कोकणात आणि गोव्याला जाणाऱ्या आगबोटी एके काळी इथूनच सुटत. जिथे धक्का नसे तिथे बोट खोल पाण्यात उभी राही आणि माणसे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, तान्ही मुले असे सगळे हातोहात खालच्या पडावात उतरवले जाई. उतरवणाऱ्याला त्यातले काय जिवंत आणि काय निर्जीव याचा हिशेब ठेवायला सवड नसे. त्या मानाने आजचा प्रवास म्हणजे दिवाणखान्यातून दिवाणखान्यात जाणे. रो-रो बोट ग्रीसमध्ये बांधलेली आहे. तिची पहिली फेरी १५ मार्च २०२० रोजी झाली आणि पुढच्या दहा दिवसांत सगळा देश बंद पडला. इतका मुहूर्त पाहून सुरू झालेली दुसरी सेवा सांगता येणार नाही.

बोटीच्या पोटात गाडी शिरते, हा देखावा दुर्गवाल्याला पटायला वेळ लागतो. लोखंड पाण्यात बुडते हे त्याने शाळेत शिकलेले असते आणि पुढे प्लांटमध्ये पस्तीस वर्षे त्याचे वजन केलेले असते. इथे लोखंडाच्या आत लोखंड, त्याच्या आत सात नग, आणि सगळे तरंगते. गाड्या लागल्या की प्रवाशांनी उतरून वर जायचे असते. आत्या उतरत नाही.

"मी इथंच बसते. गाडी आपल्या ओळखीची आहे."

"आत्या, नियम आहे."

"मग सामान कोण बघून राहील?"

"बोट चालू असताना सामान घेऊन पळणारा जाईल कुठं?" असे बोटीवरचा माणूस विचारतो. प्रश्न बिनतोड असतो. आत्या उतरते, पण लिंबाची पिशवी घेऊन.

वर गेल्यावर जागेचा प्रश्न सुरू होतो. बोटीचा प्रवास सुमारे तासाभराचा असतो आणि त्यातली चाळीस मिनिटे योग्य जागा शोधण्यात जातात. आधी सर्वांना आत, थंड खोलीत, काचेजवळ बसायचे असते. काच मिळाली की कळते, मजा बाहेर आहे. बाहेर ऊन असते, म्हणून सावलीच्या बाजूला जायचे. बोट वळते आणि सावली दुसरीकडे जाते. अकरा माणसांचे कुटुंब सावलीच्या मागे बोटीला प्रदक्षिणा घालते, आणि मध्येच कोणीतरी ‘इथं वास येतो’ म्हणून सगळ्यांना पुन्हा आत नेते. पहिल्या काचेपाशी आता पुण्याचे एक कुटुंब बसलेले असते. ते डबा उघडून स्थिर झालेले असते.

डिसेंबरात समुद्रपक्षी बोटीच्या मागे लागतात. थंडीपुरते आलेले हे कुरव पक्षी उडता उडता शेव, गाठी, कुरकुरे झेलतात. पक्ष्यांना असे खायला घालू नये, असे जाणकार सांगतात आणि ते बरोबर आहे. दुर्गची मुले ते ऐकून घेतात आणि ठेठरी टाकतात. ठेठरी बेसनाची, घरी वळलेली, चांगली जाडजूड. एक पक्षी ती हवेत झेलतो, दोनदा चोच मारून पाहतो आणि सोडून देतो. काकूंचा चेहरा पडतो. "फोडणीचं तेल बदललं होतं यंदा," त्या पुटपुटतात, आणि मांडवा येईपर्यंत कोणाशी बोलत नाहीत.

काकांचे लक्ष या काळात दुसरीकडे असते. मुंबईच्या बंदरात करड्या रंगाची जहाजे उभी असतात. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’ या युद्धनौकेसाठी ‘सेल’ या सरकारी पोलाद कंपनीच्या भिलाई, बोकारो आणि राउरकेला येथील कारखान्यांनी सुमारे तीस हजार टन खास पोलाद पुरवले. बोकारो आणि राउरकेला ही नावे काका घेत नाहीत. दिसेल त्या करड्या जहाजाकडे बोट दाखवून ते शेजारच्या प्रवाशाला सांगतात, "आमचं पोलाद."

"हे?"

"हेच."

"काका, ही गाळ काढायची बोट आहे," जावई म्हणतो.

"पोलाद पोलादच असतं. गाळ काढो नाहीतर विमान उडवो."

जागेसाठी धडपडणे, रांगेत तासभर आधी येऊन उभे राहणे आणि दुसऱ्याचीच सावली बरी वाटणे, हे काही केवळ छत्तीसगडचे गुण नव्हेत. क्रोएशियाच्या एड्रियाटिक किनाऱ्यालगत हजाराहून अधिक लहानमोठी बेटे आहेत, आणि स्प्लिट बंदरातून व्हिस, ह्वार अशा बेटांवरच्या बंदरगावांना जाणाऱ्या फेऱ्यांपुढे उन्हाळ्यात गाड्यांच्या रांगा लागतात. तिथल्या काकांना कोणत्या कारखान्याचा अभिमान असतो, एवढाच तपशील वेगळा निघावा.

मांडवा, अलिबाग, काशीद, मुरूड हा पुढचा टप्पा गाडीचा. सुरूची बने, नारळ, अरुंद रस्ता. इथे लिहिण्यासारखे इतकेच घडते की ज्याला बोट लागली नाही त्याला गाडी लागते. ओव्याची पुरचुंडी त्या वेळी डिकीत सर्वात खाली असते.

जंजिऱ्याला जायचे ते राजापुरीच्या धक्क्यावरून, शिडाच्या होडीने. इथे ग्रीस संपते. तिकीट काढले की होडी समोर दिसते, माणसे चढतात, बसतात, टोप्या सावरतात, आणि काही होत नाही. होडी भरली की सुटणार. ‘भरली’ या अवस्थेविषयी प्रवासी आणि नाखवा यांच्या कल्पना जुळत नाहीत.

"भाऊ, सुटणार कधी?"

"भरली की."

"भरली आहे ना बाप्पा! पाय ठेवायला जागा नाही."

"पाय वर घ्या. अजून दहा माणसं बसतील."

दहा माणसे खरोखरच येतात आणि खरोखरच बसतात. हे कसे होते, याचे उत्तर भौतिकशास्त्रात नाही. काकू एका अनोळखी आजोबांच्या काठीवर टेकलेल्या असतात, काकूंच्या मांडीवर दुसऱ्याच कोणाचा मुलगा असतो, आणि जावयाच्या पोटाशी तीन नग. गाडीच्या चालकावर भरवसा नको, म्हणून निवडक तीन नग होडीत आणलेले असतात. त्यांपैकी एक पाण्याचा कॅन. समुद्रात पाणी घेऊन जाणारे कुटुंब म्हणून नाखवा त्यांच्याकडे कौतुकाने पाहतो.

शीड वर चढते, वारा भरतो आणि होडी एका अंगाला कलते. त्या क्षणी होडीतली सगळी मंडळी दुसऱ्या अंगाला सरकतात, मग होडी तिकडे कलते. नाखवा शांतपणे म्हणतो, "बसून राहा. तिला ठाऊक आहे." आत्या डोळे मिटून रामरक्षा सुरू करते आणि मध्येच एक डोळा उघडून किती अंतर उरले ते पाहते. किल्ला जवळ येतो, पण दार काही दिसत नाही. जंजिऱ्याची बांधणीच अशी आहे की अगदी जवळ जाईपर्यंत मुख्य दरवाजा बुरुजांच्या आड राहतो. शत्रूला चकवण्याची ही युक्ती तीन शतकांनंतरही उत्तम चालते. "ह्यांना रस्ता तरी माहीत आहे ना?" असे काकू जावयाला तीन वेळा विचारतात.

दरवाजापाशी लाटा पायऱ्यांवर आपटत असतात. होडी वर जाते तेव्हा पायरी खाली असते, होडी खाली जाते तेव्हा पायरी वर. या दोहोंच्या मध्ये एक क्षण असतो, त्या क्षणी उडी घ्यायची. नाखव्याचा माणूस "आता!" म्हणतो. दुर्गवाला "आता?" असे विचारतो, तोवर तो क्षण गेलेला असतो. अकरा माणसे अशा रीतीने उतरायला किती वेळ लागतो, याचा विचार करूनच बहुधा वेळेची सूचना उतरल्यानंतर दिली जाते: "पाऊण तास. परत हीच होडी. नाव लक्षात ठेवा."

सर्वजण माना डोलावतात. नाव कोणीच वाचत नाही.

दरवाजाच्या भिंतीवर चारही पायांत हत्ती पकडलेल्या एका हिंस्र प्राण्याचे शिल्प आहे. त्याच्याखाली उभे राहून कुटुंबाचा समूहफोटो निघतो. फोटोला दहा मिनिटे लागतात, कारण फोटो काढणारा त्यात नसतो आणि मग त्याच्यासाठी तो पुन्हा काढावा लागतो. वाटाड्या तोवर इतिहास सांगू लागतो. मुळात इथे कोळ्यांचा मेढेकोट होता, लाकडी मेढींचा, आणि राम पाटील त्याचा प्रमुख होता. अहमदनगरच्या निजामशाहीला तो पाटील जुमानत नव्हता. तेव्हा पिरमखान नावाचा सरदार व्यापारी म्हणून आला आणि आपली दारूची पिंपे काही दिवस आत ठेवू द्यावीत, अशी त्याने विनंती केली. पिंपांत माणसे होती. रात्री ती बाहेर आली आणि बेट गेले, असे सांगतात.

"म्हणजे सामान ठेवू देतो म्हणाला आणि फसला," आत्या म्हणते. गाडी का सोडवत नव्हती, हे आता सगळ्यांना कळले असेल, अशा नजरेने ती सभोवार पाहते.

पुढचा इतिहासही या कुटुंबाला अगदी घरचा वाटण्यासारखा आहे. पुढे बेटाचे धनी झालेल्या सिद्द्यांनी मेढेकोटाच्या जागी दगडी किल्ला उभा केला, आणि तो घेण्याचा प्रयत्न शिवाजी महाराजांनी अनेकदा केला. बखरीत लाय पाटील नावाच्या कोळ्याची हकीकत येते. त्याने एका रात्री जिवावर उदार होऊन किल्ल्याच्या तटाला शिड्या लावल्या. मोरोपंत पेशव्यांची कुमक येऊन शिड्यांवरून चढणार, असे ठरले होते. कुमक वेळेवर आली नाही. उजाडू लागले तेव्हा शिड्या काढून परतावे लागले. महाराजांनी तरीही लाय पाटलाला पालखीचा मान देऊ केला. दर्यावर पालखीचा काय उपयोग, असे तो म्हणाला, तेव्हा ‘पालखी’ नावाचे गलबतच त्याला बांधून देण्यात आले. ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी मंडळी न जमल्यामुळे बेत फिसकटतो, हे दुर्गच्या कुटुंबाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. वाटाडा हे सांगत असताना अकरापैकी सहाच जण हजर असतात. दोघे नारळपाणी कुठे मिळते ते पाहायला गेलेले असतात, दोघे फोटोसाठी तटावर, आणि जावई पाण्याचा कॅन घेऊन पायऱ्यांवर दम खात बसलेला.

संभाजी महाराजांनी १६८२ च्या सुमारास तर किनाऱ्यापासून समुद्रात भर टाकून बेटापर्यंत वाट बांधायला घेतली होती. मोगली फौजा स्वराज्यात शिरल्याने ते काम सोडावे लागले. होडीतून उतरतानाची उडी आठवून काकू म्हणतात, "पुरं करायला पाहिजे होतं."

तोफांपाशी काकांचा दिवस उगवतो. कलाल बांगडी, चावरी आणि लांडा कासम ही तीन तोफांची नावे; त्यांतली कलाल बांगडी सर्वात मोठी. वाटाडा सांगतो की ती पंचधातूची आहे आणि कितीही ऊन असले तरी तापत नाही. पस्तीस वर्षे धातूत काढलेल्या माणसाला हे ऐकून घेणे जड जाते.

"असा कोणता धातू नाही," काका म्हणतात.

"हात लावून बघा, साहेब."

दुपारचा एक वाजलेला. काका हात लावतात, आणि चटकन काढतात.

"काय?" सगळे विचारतात.

खरे सांगावे तर वाटाड्याचा अपमान, खोटे सांगावे तर धातूशास्त्राचा. काका हात मागे बांधून घेतात. "आमच्या फर्नेसच्या मानानं थंडच म्हणायची," ते म्हणतात, आणि दोन्ही पक्षांचे समाधान होते.

किल्ल्यात गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत. चहूकडे खारा समुद्र आणि मध्ये गोडे पाणी, ही या बेटाची खरी करामत. याच पाण्यावर इथे आत एक अख्खे गाव नांदत होते. १९४८ मध्ये जंजिरा संस्थान भारतात विलीन झाले, त्यानंतरही काही कुटुंबे आत राहत होती, पुढे तीही किनाऱ्यावर गेली. जावई तलाव पाहतो, मग हातातला वीस लिटरचा कॅन पाहतो, मग काकूंकडे पाहतो.

"गोडं असेल," काकू म्हणतात, "पण उकळलेलं आहे का?"

बालेकिल्ला, पडका तीन मजली वाडा, एकोणीस-वीस बुरुज आणि तटावरून दिसणारा, सिद्दीला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग, एवढे पाहायचे बाकी असते तेव्हा कोणाच्या तरी लक्षात येते की पस्तीस मिनिटे झाली. इथून पुढे बेट संपते आणि होडी सुरू होते. तटावर जाणारे सगळे आता पद्मदुर्गाकडे पाठ करून धक्क्याकडे पाहतात. "गेली वाटतं", "नाही, ती दुसरी", "आपलीला निळी पट्टी होती", "निळी सगळ्यांनाच आहे." बेटावरच्या पर्यटकाची नजर फार लांबवर जाते, पण ती नेहमी एकाच दिशेला असते.

दरवाजापाशी होड्यांची गर्दी असते आणि त्या सगळ्या एकसारख्या दिसतात. होडीचे नाव आठवत नाही. आत्या म्हणते, "मी ओळखते. त्याचा शर्ट लाल होता." परंतु उन्हामुळे नाखव्याने शर्ट काढून ठेवलेला असतो. बनियनमधले सहा नाखवे समोर उभे असतात आणि कुटुंब त्यांच्याकडे ओळखपरेडीला आल्यासारखे एकेक करून पाहत जाते. अखेर ओळख उलट्या बाजूने पटते. एक नाखवा दुरून ओरडतो, "ओ पाण्याचा कॅन! इकडे या!"

कॅन आणल्याचे सार्थक झाल्याचे काकू त्याच क्षणी जाहीर करतात, आणि पुढची कित्येक वर्षे करीत राहतात.

परतीचा प्रवास थोडक्यात आटपतो. जागेसाठी आता कोणी भांडत नाही, पक्ष्यांकडे कोणी पाहत नाही, आणि करड्या जहाजांबद्दल काका शेजाऱ्याला काही सांगू लागतात तेव्हा शेजारी झोपलेला असतो. नग मोजले असता आठ भरतात. आठवी पिशवी कोणाची, यावर मांडव्यापासून मुंबईपर्यंत चर्चा होते. तिच्यात एक टॉवेल, अर्धा किलो सुकट आणि कोणाचे तरी चष्म्याचे घर निघते. काशीदच्या खानावळीत ती बदलून आली असावी, एवढे अनुमान निघते. सुकटीचा वास गीतांजलीच्या डब्यात कसारा घाटापर्यंत टिकतो, आणि ‘हे आमचं नाही’ असे समोरच्या प्रवाशांना सांगण्यात शाकाहारी कुटुंबाचा बराच वेळ जातो. त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

अकोल्याच्या सुमारास हिशेब निघतो. काकांकडे प्लांटच्या काळची डायरी असते, तीत शिफ्टचे रकाने छापलेले असतात. ‘ए शिफ्ट’ खाली गाडीभाडे, ‘बी शिफ्ट’ खाली बोट, ‘सी शिफ्ट’ खाली किरकोळ. अडचणी किरकोळीतच येतात. होडीचे पैसे जावयाने दिले, त्यातले शंभर आत्याने परत केले, पण ते तिने काकूंना दिले आणि काकूंनी त्याचे नारळपाणी घेतले. आत्या नारळपाणी प्यायलीच नव्हती.

"मी फक्त मलई खाल्ली."

"मलई नारळातलीच ना?"

"पण वेगळी मागितली नव्हती."

मलईचे किती धरायचे, यावर बडनेरा जाते. वर्धेपर्यंत नाण्यांचा विषय निघतो: नद्यांना टाकलेले पैसे समाईक खर्चात धरायचे की वैयक्तिक पुण्यात? काका निर्णय देतात की शिवनाथ समाईक, बाकीच्या ज्याच्या त्याच्या. सगळे जुळवून पाहिल्यावर शेवटी ऐंशी रुपये जास्त उरतात. कमी पडले असते तर समजण्यासारखे होते. जास्त उरलेल्या पैशांचा मालक मात्र कोणीच व्हायला तयार नसतो, कारण मालक ठरला की बाकीचा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागणार.

नागपूरला गाडी थांबते. काका खाली उतरून त्या ऐंशी रुपयांची संत्री आणतात. बारा येतात. माणसे अकरा. बारावे संत्रे कोणाचे, हा प्रश्न गोंदियाला निघतो आणि डोंगरगड मागे पडला तरी सुटत नाही. दुर्गच्या फलाटावर नग मोजले जातात तेव्हा ते काकांच्या शर्टाच्या खिशात असते, आणि काका एकूण नऊ नग असल्याचे सांगतात.